गुरुत्वीय लहरींची मोजणी ग्राफिक्स प्रोसेसरवर: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना अवकाशात उठणारे तरंग, टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, लेसर, आरसे यांबद्दल व्याख्यानांत ऐकायला मिळतं. त्यापुढचं काम मात्र सहसा अर्ध्या वाक्यात उरकलं जातं: आलेल्या सिग्नलमधून कृष्णविवरांची वस्तुमानं, अंतर, दिशा हे आकडे, म्हणजेच पॅरामीटर, काढायचे कसे, आणि तेही लवकर कसे? नांदेड, परभणी, हिंगोलीकडचे बीएस्सी, एमएस्सी आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

सिग्नल सापडणं आणि त्याचे पॅरामीटर काढणं एकच का?

नाही. सापडणं आधी, पॅरामीटर नंतर. शोधताना हजारो तयार नमुन्यांशी डेटा जुळवून पाहतात आणि "इथे काहीतरी आहे" एवढं कळतं. या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचं १९९१ सालचं काम आजही आधाराला घेतलं जातं.

पॅरामीटर काढणं हे दुसरं, जास्त जिकिरीचं काम. दोन कृष्णविवरांच्या टकरीचं वर्णन करायला साधारण १५ आकडे लागतात: दोन वस्तुमानं, दोघांच्या फिरकीचे मिळून सहा घटक, अंतर, आकाशातल्या जागेचे दोन कोन, कक्षेचा कल, ध्रुवीकरणाचा कोन, टकरीची वेळ आणि त्या क्षणाची कला (फेज). न्यूट्रॉन तारे असतील तर भरतीच्या ओढीने ते किती ताणले जातात, याचे आणखी दोन.

उत्तर म्हणून प्रत्येकाचा एकच आकडा मिळत नाही. सगळ्या पंधरांच्या कोणत्या जोड्या किती संभाव्य, याचा नकाशा मिळतो. त्याला पोस्टीरियर म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या सिग्नलचं, म्हणजे जीडब्ल्यू१५०९१४ चं, पहिल्या शोधनिबंधातलं उत्तर बघा. वस्तुमानं ३६ आणि २९ सूर्यांएवढी. अंतर ४१० मेगापार्सेक, पण त्यावर अधिक १६० आणि उणे १८० ची सूट, म्हणजे अनिश्चितता. बातम्यांत "१३० कोटी प्रकाशवर्षं" एवढंच छापून आलं, सूट कोणी छापली नाही. एवढी मोठी सूट का? जवळची पण आपल्याकडे तिरकी असलेली जोडी आणि दूरची पण समोरासमोर असलेली जोडी यांचे सिग्नल जवळपास सारखेच दिसतात. अंतर आणि कल यांचा हा गुंता नकाशात लांबट वाकडा डाग म्हणून दिसतो. तो डाग नीट पकडण्यातच बहुतेक वेळ जातो.

इतका वेळ का लागतो? गणित तर एका ओळीचं आहे.

बेझचं सूत्र, म्हणजे डेटा पाहून संभाव्यता सुधारायचा नियम, एका ओळीचं आहे, हे खरं. त्यातली लाइकलिहूड, म्हणजे धरलेल्या आकड्यांतून असाच डेटा मिळण्याची शक्यता, मात्र महाग पडते. १५ आकडे धरायचे, त्यांच्यापासून सिग्नल कसा दिसला असता ते काढायचं, खऱ्या डेटातून तो वजा करायचा आणि उरलेलं निव्वळ गोंगाटासारखं दिसतं का, हे प्रत्येक वारंवारतेला त्या वारंवारतेच्या गोंगाटाचं वजन देऊन तपासायचं. हे झालं एकदा. आकडे बदलून पुन्हा. मग पुन्हा.

सरळ जाळी टाकून बघायची म्हटलं आणि प्रत्येक पॅरामीटरच्या फक्त दहा किमती घेतल्या, तरी एकावर पंधरा शून्यं एवढ्या जोड्या होतात. एका जोडीला दहा मिलिसेकंद धरले तर तीन लाख वर्षांहून जास्त वेळ लागेल. म्हणून मार्कोव्ह साखळ्या (एका अंदाजावरून पुढच्या अंदाजाकडे जाणारी भटकंती) किंवा नेस्टेड सॅम्पलिंग (बिंदूंच्या घोळक्यातला सगळ्यात वाईट काढून त्याहून चांगला घालत जाणं) वापरतात. या पद्धती जिथे संभाव्यता जास्त आहे तिथेच फिरतात. तरीसुद्धा लाइकलिहूड कोट्यवधी वेळा काढावी लागते. दहा कोटी वेळा काढली आणि दर वेळी तेच दहा मिलिसेकंद धरले, तर साडेअकरा दिवस.

डेटाचा आकारही सारखा नसतो. जड कृष्णविवरांचा आठ सेकंदांचा तुकडा २० ते १०२४ हर्ट्झपर्यंत घेतला तर एका वेधशाळेमागे सुमारे आठ हजार बिंदू येतात. न्यूट्रॉन ताऱ्यांचा १२८ सेकंदांचा तुकडा २०४८ हर्ट्झपर्यंत घेतला तर तेच दोन लाख साठ हजार. सुरुवात २० ऐवजी १० हर्ट्झपासून करायची ठरवली तर न्यूट्रॉन ताऱ्यांचा सिग्नल सहापटीहून जास्त लांबतो, पाव तासाच्या पुढे जातो. वेधशाळा खालच्या वारंवारतांना जितकी सुधारेल, तितकं मोजणीवाल्यांचं काम वाढत जाणार.

टक्कर कोट्यवधी वर्षांपूर्वी झाली. चार दिवस उशीर झाला तर काय बिघडतं?

कृष्णविवरांच्या बाबतीत बहुतेक वेळा काही बिघडत नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या बाबतीत मात्र बिघडतं, कारण त्यांच्या टकरीतून प्रकाशही निघतो आणि तो विझत जातो.

१७ ऑगस्ट २०१७ ची, म्हणजे जीडब्ल्यू१७०८१७ या सिग्नलची, गोष्ट. सिग्नल संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली, याचा तीन वेधशाळांचा मिळून चांगला नकाशा खगोलशास्त्रज्ञांच्या हातात पडायला पाच तासांच्या आसपास लागले. प्रकाश सापडला तो जवळपास अकरा तासांनी, चिलीतल्या स्वोप दुर्बिणीतून, एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत. पहिल्या तासांत तिथे काय घडलं ते कोणालाच दिसलं नाही. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही नंतर या घटनेची रेडिओ निरीक्षणं घेतली. दुर्बीण कुठलीही असो, "कुठे वळवू?" हा तिचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर पॅरामीटर काढणाऱ्यांकडूनच यायचं असतं.

दिशेसाठी बेस्टार नावाची झटपट पद्धत वापरात आहे आणि ती चांगली आहे. पण ती शोधाच्या वेळी मिळालेल्या ढोबळ आकड्यांवर चालते. पूर्ण उत्तर तितक्याच वेळात देता यावं, ही आताची ओढ आहे.

घाईचं दुसरं कारण कमी रोमांचक, पण माझ्या मते जास्त वजनाचं: घटनांची संख्या. २०१५ ते २०१७ या पहिल्या दोन फेऱ्यांत मिळून ११ सिग्नल होते. २०२५ मध्ये आलेल्या यादीपर्यंत एकूण २१८ झाले. प्रत्येक सिग्नल दोन-तीन वेगवेगळ्या मॉडेलांनी तपासायचा, गोंगाटाचा अंदाज सुधारला की पुन्हा चालवायचा, एखादी शंका आली की परत चालवायचा. एका घटनेला आठवडा लागत असेल तर लोक शंका घेणंच सोडून देतात. वेग वाढला की प्रश्न विचारायची हिंमत वाढते.

ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये असं काय असतं जे साध्या प्रोसेसरमध्ये नाही?

तो हुशार नसतो, संख्येने मोठा असतो. कापूस वेचणीला शंभर बाया एकेक ओळ धरून एकाच वेळी निघाल्या की शेत दुपारपर्यंत उरकतं. ग्राफिक्स प्रोसेसरचं, म्हणजे जीपीयूचं, काम तसं चालतं. एकेकीचा हात फार चपळ असायची गरज नाही, पण सगळ्यांनी एकच काम करायला हवं, आणि एकीचं काम दुसरीसाठी अडून राहायला नको. एनव्हिडियाच्या कार्डांत ३२ धाग्यांचा एक गट एकाच वेळी एकच आज्ञा पाळतो. गटातल्या अर्ध्यांना "जर असं असेल तर हे" आणि बाकीच्यांना "नाहीतर ते" करायला लावलं, तर आधी एक अर्धा थांबतो, मग दुसरा.

लाइकलिहूडचं काम याला चपखल बसतं. दोन लाख साठ हजार वारंवारता, प्रत्येकीवर तेच सूत्र, एकीचा दुसरीशी संबंध नाही. शेवटी फक्त बेरीज. शिवाय एकाच वेळी हजार वेगवेगळ्या पॅरामीटर-जोड्या देता येतात.

म्हणजे जुना प्रोग्रॅम उचलून जीपीयूवर टाकला की झालं?

इथेच बहुतेक जण अडकतात. थोडा धीर धरून वाचा.

समजा तुमच्या प्रोग्रॅमचा ९० टक्के वेळ तरंगाकृती (धरलेल्या आकड्यांवरून सिग्नल कसा दिसेल ते) आणि लाइकलिहूड काढण्यात जातो. तेवढा भाग जीपीयूवर नेला आणि तो शून्य वेळात व्हायला लागला, असंही धरू. उरलेले १० टक्के जागचे हलत नाहीत, म्हणून एकूण वेग जास्तीत जास्त दहापट होईल. कार्ड लाखाचं घ्या नाहीतर तीस लाखांचं. जीन ॲमडॉल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा हिशोब आजही कोणाला चुकलेला नाही. म्हणून आधी वेळ कुठे जातो ते मोजा. पायथनमध्ये प्रोफायलर असतो, तो चालवायला पाच मिनिटं लागतात, आणि तो न चालवताच कार्ड मागवणारे मात्र पुष्कळ भेटतात.

दुसरी अडचण ने-आणीची. डेटा, गोंगाटाचा आलेख आणि वारंवारतांची यादी एकदाच कार्डाच्या मेमरीत ठेवायची. दर पावलाला तरंगाकृती मुख्य मेमरीत आणून परत पाठवली, तर कार्ड बहुतेक वेळ रिकामंच बसून राहील.

तिसरी सगळ्यात खोल. मार्कोव्ह साखळीचं पुढचं पाऊल आधीच्या पावलावर ठरतं, त्यामुळे साखळी स्वभावानेच एकापाठोपाठ एक अशी चालते. जीपीयूला एका वेळी एकच लाइकलिहूड काढायला दिली, तर साध्या बायनरी कृष्णविवराच्या आठ हजार बिंदूंत त्याचा दमही लागत नाही. सॅम्पलरच, म्हणजे पुढच्या जोड्या निवडणारा भागच, बदलावा लागतो: हजारो साखळ्या एकदम चालवा, किंवा नेस्टेड सॅम्पलिंगमध्ये एकेक बिंदू बदलण्याऐवजी मोठा घोळकाच एका फटक्यात बदला. २०१९ पासून आलेल्या चांगल्या कामांत हाच सूर आहे. रिफ्ट या पद्धतीत पॅरामीटरच्या जाळीवरच्या बिंदूंची लाइकलिहूड वेगवेगळी काढता येते, म्हणून ती जीपीयूवर लवकर गेली. जिम ही नंतरची पद्धत जॅक्स या लायब्ररीवर उभी आहे. जॅक्समुळे लाइकलिहूडचा उतार, म्हणजे प्रत्येक पॅरामीटरच्या सापेक्ष तिचा विकलज, आपोआप मिळतो. उतार कळला की साखळी आंधळेपणाने चाचपडत नाही, चढाच्या दिशेने जाते. शिवाय चालता चालता एक छोटं न्यूरल नेटवर्क पोस्टीरियरचा आकार शिकतं आणि लांब उड्या सुचवतं. २०२३ मध्ये जिम बनवणाऱ्यांनी जीडब्ल्यू१५०९१४ आणि जीडब्ल्यू१७०८१७ या दोन्ही घटनांचं पूर्ण सॅम्पलिंग एका मिनिटाच्या आत करून दाखवलं. हा सॅम्पलिंगचा वेळ आहे. पहिल्यांदा चालवताना जॅक्स प्रोग्रॅम कंपाइल करतो, त्यात वेळ जातोच. स्टॉपवॉच लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कुठलीही तरंगाकृती चालते का?

चालते, पण सगळ्या सारख्या पळत नाहीत. आयएमआर-फेनॉम घराण्यातली मॉडेलं वारंवारतेचं थेट सूत्र देतात. वारंवारता घाला, उत्तर घ्या. जीपीयूला याहून सोपं काम नाही. एसईओबी घराण्यातली मॉडेलं कक्षेची विकल समीकरणं पावलापावलाने सोडवतात, आणि ती पावलं एकापाठोपाठ एकच पडतात. तिथे कार्डाला फार वाव नाही. मग एकतर त्यांची झटपट नक्कल करणारं मॉडेल बनवायचं, किंवा हजार जोड्यांची समीकरणं एकत्र सोडवायची.

सोय पाहून भौतिकशास्त्र निवडू नका, एवढंच सांगेन. फिरकीमुळे कक्षा डोलत असेल आणि तुमचं वेगवान मॉडेल ते डोलणं धरतच नसेल, तर तुम्हाला चुकीचं उत्तर लवकर मिळेल.

बिंदूच कमी केले तर जीपीयू लागेल का?

चांगला प्रश्न. तो लवकर विचारणाऱ्याचे पैसे वाचतात.

दोन जवळच्या पॅरामीटर-जोड्यांच्या तरंगाकृती वेगाने हेलकावतात, पण त्यांचं गुणोत्तर संथपणे बदलतं. एक चांगली तरंगाकृती संदर्भाला धरली आणि बाकीच्यांचं तिच्याशी गुणोत्तर काही शे ठिकाणीच मोजलं, तर दोन लाख साठ हजार बिंदूंची गरज उरत नाही. याला रिलेटिव्ह बिनिंग म्हणतात. मूळ कल्पना नील कॉर्निश यांनी २०१० मध्ये मांडली, आणि २०१८ नंतर ती सर्रास वापरात आली. मोजक्याच बिंदूंवर बेरीज भागवणारी रिड्यूस्ड ऑर्डर क्वाड्रेचर ही तिची चुलत बहीण. आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी लाइकलिहूडचे घटक आधी विखुरलेल्या बिंदूंवर काढून मधल्या जागी अंदाजाने भरायची जाळीविना पद्धत विकसित केली, तीही याच दिशेची.

यांतलं काहीही साध्या लॅपटॉपवर चालतं. जीपीयू आणि रिलेटिव्ह बिनिंग एकत्र करता येतात, जिममध्ये तसंच केलं आहे. पण एकच निवडायची वेळ आली तर मी आधी बिंदू कमी करेन. अट एवढीच की संदर्भाची तरंगाकृती खऱ्या उत्तराच्या जवळ हवी. ती भलतीकडेच असेल तर अंदाज फसतो, आणि फसल्याचा आवाजही येत नाही.

मग न्यूरल नेटवर्क सगळं एका सेकंदात करतं म्हणतात, ते?

करतं. डिंगो ही पद्धत लाखो बनावट सिग्नलांवर आधी शिकून घेते आणि मग खरा सिग्नल आला की थेट पोस्टीरियरचे नमुने बाहेर टाकते. २०२१ मध्ये एका घटनेला सुमारे २० सेकंद लागत होते. न्यूट्रॉन ताऱ्यांसाठीची २०२५ ची आवृत्ती एका सेकंदात उत्तर देते. शिकण्याचा खर्च मात्र आधीच, मोठ्या जीपीयूवर, कित्येक दिवस भरावा लागतो. गोंगाटाची तऱ्हा किंवा मॉडेल बदललं की काही प्रमाणात पुन्हा.

ज्याला तिचा भरवसा वाटत नाही त्याच्यासाठी चांगली सोय आहे. नेटवर्कने दिलेल्या प्रत्येक नमुन्याची खरी लाइकलिहूड काढून त्याला वजन द्यायचं. वजनं साधारण सारखी आली तर नेटवर्क बरोबर होतं. दोन-चार नमुन्यांवरच सगळं वजन पडलं, तर त्या घटनेसाठी जुन्या पद्धतीकडे परत जायचं.

माझ्याकडे गेमिंगचा लॅपटॉप आहे. चालेल का?

शिकायला नक्की. पण एक खाचखळगा आधी समजून घ्या, कारण त्यात पडल्यावर दिवसच्या दिवस कारण सापडत नाही.

गेमिंगची कार्डं ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत तरबेज असतात. ६४ बिटांत त्यांचा वेग अलीकडच्या कार्डांत चौसष्टावा हिस्सा होतो. जॅक्सही आपण सांगितल्याशिवाय ३२ बिटच वापरतो. आता जीडब्ल्यू१५०९१४ ची जीपीएस वेळ घ्या: ११२ कोटी ६२ लाख ५९ हजार ४६२ सेकंद आणि वर थोडं. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२ बिटांत लागोपाठच्या दोन आकड्यांत १२८ सेकंदांचं अंतर असतं. सिग्नल स्वतः सेकंदाचा अंशभर. म्हणजे वेळ या पॅरामीटरला काही अर्थच उरत नाही, आणि प्रोग्रॅम एकही एरर देत नाही.

दुसरा खड्डा लहान आकड्यांचा. गोंगाटाची घनता १० चा उणे ४६ वा घात या आसपास असते. ३२ बिटांत शून्याहून मोठा सगळ्यात लहान आकडा १० च्या उणे ४५ व्या घातापाशी संपतो. घनतेचं शून्य होतं, मग शून्याने भागाकार, आणि पडद्यावर एनएएन, म्हणजे "हा आकडाच नाही".

उपाय साधे आहेत. वेळ ट्रिगरपासून, म्हणजे सिग्नल सापडल्याच्या क्षणापासून, मोजा. डेटा आणि गोंगाट दोन्ही आधीच मोठ्या आकड्याने गुणून घ्या. कला ६४ बिटांत काढा, कारण ती हजारो रेडियनपर्यंत साचत जाते. बाकीचं ३२ बिटांत चालू शकेल. आणि एकदा तरी सगळंच ६४ बिटांत चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा. ए१०० सारख्या कार्डांत ६४ बिटांचा वेग ३२ च्या निम्मा असतो. तिथे हा व्याप नाही, पण ते कार्ड कॉलेजच्या लॅबमध्ये सहज मिळत नाही.

लॅपटॉपही नसेल तर गूगल कोलॅबवर टी४ कार्ड फुकटात मिळतं, मिळतं तेव्हा. सत्र मध्येच तुटतं, म्हणून पुढचा प्रश्न वाचा.

मधेच लाइट गेली तर?

उन्हाळ्यात जाणारच. पॅरामीटर काढायचं बिल्बी हे सॉफ्टवेअर डायनेस्टी या सॅम्पलरबरोबर वापरलं तर ते अधूनमधून आपली स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर तिथूनच पुढे जातं. स्वतः जॅक्समध्ये लिहिणाऱ्यांनी साखळ्यांच्या जागांबरोबर रँडम की सुद्धा साठवावी, नाहीतर पुढचे यादृच्छिक आकडे आधीच्या धावेशी जुळणार नाहीत. कोलॅबवर असाल तर फाइल ड्राइव्हवर लिहा. सत्राबरोबर तिथली डिस्कही जाते.

उत्तर मिनिटात आलं. ते बरोबर आहे हे कशावरून?

मुद्दाम बनवलेले शंभर सिग्नल घ्या, ज्यांचे खरे पॅरामीटर तुम्हाला माहीत आहेत. ते बनावट गोंगाटात मिसळा आणि प्रत्येकाचं पोस्टीरियर काढा. खरी किंमत ९० टक्क्यांच्या पट्ट्यात सुमारे ९० वेळा यायला हवी. ६० वेळाच आली, तर तुमची पद्धत फाजील आत्मविश्वासाने बोलते आहे. शंभरच्या शंभर वेळा आली तरी खूश होऊ नका, पट्टे गरजेपेक्षा रुंद आहेत. हीच तपासणी ५० टक्के, ३० टक्के अशी सगळीकडे करून जो आलेख काढतात तो पी-पी आलेख. जुन्या पद्धतीत शंभर धावा म्हणजे महिन्यांचं काम होतं. जीपीयूचा हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

याशिवाय निदान एक खरी घटना बिल्बीने, सावकाश, साध्या प्रोसेसरवर चालवून ताडून पाहा. आकाशातल्या जागेकडे खास लक्ष द्या. दोनच वेधशाळा असतील तर एकापेक्षा जास्त डाग निघू शकतात. घाईत चालवलेली साखळी एका डागात शिरून बसते, आलेख गुळगुळीत आणि सुंदर दिसतो, आणि अर्धं आकाश गायब असतं.

आमच्याकडे जमीन हादरते. मग इथल्या डेटाचं काय?

वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात, २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात धक्केही जाणवले, आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी मराठवाडा विसरलेला नाही. प्रश्न रास्त आहे. जागा निवडताना जमिनीची हालचाल मोजून पाहिलेली आहे, आणि आरसे कंपनं शोषणाऱ्या अनेक थरांवर टांगलेले असतात. मोठा भूकंप, अगदी दुसऱ्या खंडातला, आला तर कुठल्याही वेधशाळेचा लेसर जुळवणीतून सुटतो आणि तेवढा वेळ डेटाच नसतो.

मोजणीवाल्याचा संबंध लहान गडबडींशी येतो. जमिनीच्या हालचालीने विखुरलेला प्रकाश खालच्या वारंवारतांत कमानीसारखे डाग पाडतो. असा डाग नेमका सिग्नलवर बसला तर वस्तुमानं आणि फिरकी सरकतात. कारण वेगळं असलं तरी जीडब्ल्यू१७०८१७ च्या वेळी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन वेधशाळेच्या डेटात टकरीच्या सुमारे एक सेकंद आधी मोठा ग्लिच, म्हणजे यंत्रातली क्षणिक गडबड, आला होता, आणि नकाशाला उशीर व्हायचं तेही एक कारण होतं. तो वेगळा मॉडेल करून काढावा लागला. सिग्नल आणि ग्लिच दोन्ही एकत्र बसवायचे म्हटले की पॅरामीटर आणखी वाढतात, आणि जीपीयूची गरजही.

लायगो-इंडिया सुरू झाल्यावर ही मोजणी औंढ्यातच होणार का?

वेधशाळा चालवणारे लोक तिथे असतील. डेटा मात्र अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, इटलीतल्या व्हर्गो आणि जपानमधल्या काग्राच्या डेटाबरोबर एकत्र तपासला जाईल, आणि ते जगात कुठूनही होतं. आयुकात सारथी नावाचं संगणक-संकुल याच कामासाठी आहे. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा जीपीयूंवर चालणारा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्र उभं राहून निरीक्षणं सुरू व्हायला वर्षं जातील. मोजणी शिकायला तोवर थांबायचं कारण नाही.

इथल्या वेधशाळेचा खरा फायदा दिशेत आहे. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन एकमेकांपासून ३,००० किलोमीटरवर आहेत, लहर जास्तीत जास्त दहा मिलिसेकंदांच्या फरकाने पोचते. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला एक वेधशाळा आली की हा फरक वाढतो आणि आकाशातला डाग आक्रसतो.

याचा शेतीला काय उपयोग?

थेट काहीच नाही. ओढूनताणून जोडायची गरजही नाही. जीपीयूवर लाइकलिहूड वेगात काढायला शिकलेला माणूस पाऊसमानाच्या मॉडेलवर किंवा भूजलाच्या हिशोबावर काम करू शकतो, हे खरं. पण ते त्याने ठरवायचं.

सुरुवात नेमकी कुठून करू?

ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरवरून जीडब्ल्यू१५०९१४ चा ३२ सेकंदांचा, ४०९६ हर्ट्झचा डेटा उतरवा. फुकट आहे, नाव नोंदवावं लागत नाही. पायथन आणि त्यातली नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी येत असेल तर पुरे. सुरुवातीला चारच पॅरामीटर मोकळे ठेवा: दोन वस्तुमानं, अंतर, वेळ. बाकीचे प्रसिद्ध झालेल्या किमतींवर बांधून टाका. आधी नमपायमध्ये लाइकलिहूड लिहा आणि वेळ मोजा. मग तीच जॅक्समध्ये लिहा आणि एका वेळी १, १०, १००, १०००, दहा हजार जोड्या देऊन वेळ कसा बदलतो त्याचा आलेख काढा. सुरुवातीला रेघ जवळपास आडवी राहील, एका जागी वर वळेल. तिथे तुमचं कार्ड भरलं. त्याच्या अलीकडचा आकडा धरून सॅम्पलर लिहायला घ्या.

जीडब्ल्यू१७०८१७ ला हात नंतर घाला. आणि घालाल तेव्हा लिव्हिंग्स्टनचा ग्लिच काढून टाकलेली फाइल त्याच ठिकाणी वेगळी ठेवली आहे, ती उतरवा.